दीड मिलिमीटर

११ फेब्रुवारी

नव्या डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, तोंड सैल सोडायचं, वरचे दात किती दिसतात ते पट्टीने मोजायचं आणि लिहायचं. ओठ मिटायला जोर लागतो का, पाणी पिताना सांडतं का, वण लाल आहे की गुलाबी. "आणि मनात काय येतं तेही लिहा," त्या म्हणाल्या. "पुन्हा हात लावायचा की नाही हे ठरवताना कामाला येतं."

तर : सहा मिलिमीटर. मिटायला जोर लागतो, हनुवटीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. पाणी सांडतं. वण लाल, नाकाच्या बुडाशी, कुणी बारीक पेनने कंस काढून ठेवावा तसा. ऑपरेशनला चार महिने झाले.

मनात काय येतं ते मोजायला पट्टी नाही.

१२ फेब्रुवारी

सहा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मुळात ऑपरेशन का केलंत?" मी म्हटलं, "चांगलं दिसावं म्हणून." खोटं नाही ते. पण अर्धंच.

मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं झाली. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडात मेणाची पट्टी बसवतो, ओठ जिथे संपतो तिथे त्या मेणावर रेघ ओढतो आणि ती पट्टी आमच्या लॅबकडे पाठवतो. रेघ बघून मी ठरवते, दात किती खाली लावायचे. माणूस कधी दिसत नाही. फक्त त्याच्या ओठाची रेघ. आमच्या मास्तरांनी भिंतीवर तक्ता लावलाय : तोंड सैल असताना तरुणपणी तीनेक मिलिमीटर दात दिसतात, मग वरचा ओठ वर्षावर्षाने लोंबत जातो, आणि साठीच्या पुढे काहीच दिसत नाही. माझं चव्वेचाळिसाव्या वर्षीच शून्य झालं. लोक विचारायचे, बरं नाही का, रागावलीस का. मी रागावलेली नसायचे.

हे एक अर्ध.

दुसरं अर्ध आई. मी सहा वर्षांची असताना तिला ताप आला आणि आठ दिवसांत दोन्ही कान घेऊन गेला. बोलता येत होतं, ऐकू येईना. मग ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, मला समोर उभं करायची, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "बोल." घरात रिकामी मी एकटीच होते. माझ्याच तोंडावर ती वाचायला शिकली. इतरांचं तिला निम्मं कळतं, माझं सगळं. हळूहळू मी आवाज काढायचंच सोडलं, नुसते ओठ हलवायचे. पाहुण्यांसमोर बसून आम्ही त्याच पाहुण्यांची टवाळी करायचो आणि त्यांना वाटायचं, मी काहीतरी चघळतेय. धाकटी बहीण याला आमचा मूकपट म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "हल्ली तुझे शब्द तोंडातच राहतात गं. जरा दात दाखवून बोल."

मी आरशात बघितलं. खरंच की. ओठ सगळं झाकत होता. आईने दुखणं सांगितलं, मास्तरांच्या तक्त्याने निदान केलं, आणि मी ऑक्टोबरात नाकाखालची कातडी कापून घेऊन आले.

चार मिलिमीटर वर घ्या म्हटलं होतं. सर्जनने आठ घेतले.

१९ फेब्रुवारी

सहा. आज पाणी सांडलं नाही, पण मी नळीने प्याले.

आई माझ्याकडे बघत नाही. हे लिहायचं टाळत होते.

पट्टी काढून घरी आले त्या दिवशी तिने माझी हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "वाकडा झालाय गं." तिचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे असली वाक्यं ती जिन्यापर्यंत ऐकू जातील अशी बोलते. मी सर्जनला विचारलं, वाकडा आहे? तो म्हणाला, "जरासुद्धा नाही. सुंदर झालाय. सवय होऊ द्या." डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू मोजल्या. ओठ आखूड आहे, वर ओढलेला आहे, पण वाकडा नाही.

आईला मात्र वाकडाच दिसतो. आणि तेव्हापासून बोलताना ती मान तिरकी करते आणि माझ्या डाव्या कानाकडे बघते. आधी वाटलं, कानाला काही लागलंय. मग कळलं. पोटच्या मुलीचं तोंड बघवत नाही तिला.

"आई, इकडे बघ," मी म्हटलं.

"बघतेच आहे की," ती म्हणाली. कानाकडे बघून.

२८ फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाईंनी सगळे मार्ग सांगितले. मी कामावर दातांच्या पेट्या मांडते तसे त्यांनी मांडले आणि एकेक मिटवून टाकला.

पहिला : थांबा. कापलेली जागा वर्षभर सैलावत असते. मालीश करा, वणावर जेल लावा. सैलावेल, पण अर्धा मिलिमीटर. "फार तर."

दुसरा : वणात इंजेक्शन. वण मऊ होईल, ओठ लांब होणार नाही.

तिसरा : ओठात चरबी भरायची, म्हणजे वजनाने खाली येईल. येतो कधी कधी. कधी कधी नुसताच फुगतो.

चौथा : दुसरीकडची कातडी आणून नाकाखाली लावायची. "रंग जुळत नाही. लांबूनही ठिगळ दिसतं. मी करत नाही, आणि जो करतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका."

पाचवा : ओठाच्या आतल्या बाजूने कापून अस्तर खाली सरकवायचं. एक मिलिमीटर मिळेल, नशीब असेल तर दीड. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय नको. आणि नंतर तीन आठवडे तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही.

"पहिल्यासारखा?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कमी कापलं असेल तर आणखी कापता येतं. जास्त कापलेलं परत आणता येत नाही."

हे मला ठाऊक होतं. मेणाला मेण जोडता येतं. घासून गेलेल्या दाताला दात जोडता येत नाही. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्त खरं झालं.

९ मार्च

सहा.

मास्तर दिवसभर माझ्याकडे पाठ करून होते. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "पोरी, एक सांगू? राग मानू नको."

"सांगा."

"पडदा तोकडा झाला तर खिडकी लहान करावी. वरचे चार दात दोन-दोन मिलिमीटर घासून घे. झाकलं जाईल. अर्ध्या तासाचं काम."

"चांगले दात आहेत हो माझे."

"ओठही चांगलाच होता," मास्तर म्हणाले, आणि मग इतके ओशाळले की माझ्या टेबलावरची प्लास्टरची धूळ स्वतःच्या हाताने पुसत बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

घासले तर दिसायला बरं होईल. पण ओठ मिटायला हवेत. ज्या अक्षरांना दोन्ही ओठ टेकतात ती आई सगळ्यात आधी ओळखायची, त्यांच्या खुंट्यांवर बाकीचं वाक्य टांगायची. माझ्या तोंडातल्या खुंट्याच गेल्या आहेत.

२१ मार्च

आईचं आणि सुताराचं भांडण झालं. कारण स्वयंपाकघराची चौकट.

महिनाभर म्हणतेय, चौकट मधोमध वाकलीय, भिंत खाली येईल, माणूस बोलव. मला सरळ दिसते. शेवटी बोलावला. त्याने काचेच्या नळीचा पाणसळ लावला, बुडबुडा बरोबर मधोमध. मला दाखवला, आईला दाखवला.

"सरळ आहे, आजी."

आईने मान तिरकी करून बघितलं. "तुमचं पाणीच वाकडं आहे," ती म्हणाली.

सुतार हसला. "आजी, पाणी वाकडं असतं तर आम्ही उपाशी मेलो असतो."

तो काय म्हणाला ते मी तिला सांगायला गेले. तीनदा सांगितलं. कळलं नाही तिला. आधी ती अशा उत्तराला तोडीस तोड उत्तर देत असे, आता नुसती मान हलवली, परक्या लोकांपुढे हलवते तशी. मग आत जाऊन बसली.

माझं तोंड बिघडलं, आता तिला सगळं घरच वाकडं दिसायला लागलंय. दोष कुणाला देऊ.

२२ मार्च

मोजलं नाही.

६ एप्रिल

पाच आणि तीन चतुर्थांश. इंजेक्शन झालं. वण फिका पडला, ओठ तिथेच.

धाकटी दोन दिवस राहून गेली. ती लांबच्या शहरात असते, वर्षातून दोनदा येते, आणि आली की पहिल्या तासात घरातल्या सगळ्या चुका काढते.

"ताई, आई टीव्हीच्या समोर न बसता बाजूला का बसते?"

"ती कोपऱ्यातली खुर्ची आवडते तिला."

"आणि वर्तमानपत्र?"

"बंद केलं. म्हणते, तेच ते असतं."

"आई म्हणते असं? जी छोट्या जाहिराती पण सोडत नव्हती?"

हिला काय सांगू, की आईचा जीव उडालाय, माझ्यापायी. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती, मग म्हणाली, "तुला एवढं वाईट नाही दिसत गं ते. खरंच." तिने नजर टाळली नाही, म्हणून मला राग आला. आईने टाळायची आणि हिने नाही, हे उलटं झालं.

जाताना आईने तिच्या गालावरून हात फिरवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. "वाळलीस," म्हणाली. धाकटी चांगली जाड झाली आहे. दोघी हसलो. आईही हसली, जरा उशिरा.

१७ एप्रिल

पावणेसहाच. पुढे सरकत नाही.

३ मे

आज मी हट्टाला पेटले. आईला स्टुलावर बसवलं, मी समोर उभी राहिले, तिचा हात माझ्या हनुवटीवर ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीसारखं. वरचा ओठ बोटाने खाली ओढून एकेक शब्द बोलले.

दहांपैकी दोन तिला आले. तेही बहुधा अंदाजाने.

"तुझे ओठ मिटतच नाहीत, तर मला कळणार कसं," ती म्हणाली. मग एकदम माझा हात घट्ट धरला. "तसं नाही गं बये. म्हातारी झाले मी. डोकं चालत नाही."

"पाटीवर लिहू?" मी हाताने लिहिल्यासारखं करून विचारलं. ते कळलं तिला.

"मी काय शाळेत आहे? ठेव ती पाटी."

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, वर्ष होईपर्यंत थांबवत नाही. त्या म्हणाल्या, घाई नको. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही, माझी आई रोज माझ्यापासून लांब चालली आहे. "जुलै," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याआधी नाही. आणि दीड मिलिमीटरच्या वर काही मागू नका माझ्याकडे."

एक मिलिमीटर तरी. ओठ टेकले की झालं. बाकीचं आई वाचेल.

१४ मे

आईला सांगितलं. कापायची खूण करून, मग ओठ दाखवून, मग कॅलेंडरवर जुलैचं पान उघडून. कळायला वेळ लागला. कळल्यावर ती उठून उभी राहिली.

"पुन्हा नाही कापायचं."

मी मान हलवली : कापायचंय.

"मी सांगते ना, राहू दे. मला चालतो असा." जिन्यातल्या लोकांनी ऐकलं असेल. "दोष तुझ्या ओठात नाही गं!"

आई झाल्यावर असंच बोलावं लागत असेल. मी तिला जवळ घेतलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिने, माझ्या कानाकडे बघत, आणि मग मिटलं. तिचे ओठ किती सहज मिटतात.

३० जून

परवा ऑपरेशन. कामावरच्या दोन जोड्या पूर्ण करून दिल्या. एका बाईची कवळी होती, तिच्या डॉक्टरने चिठ्ठीत लिहिलं होतं, "पेशंटला दात थोडे जास्त दिसायला हवेत." मी रेघेपाशी थांबले. एक केसभरही खाली गेले नाही.

मास्तर म्हणाले, "तीन आठवडे बोलणार नाहीस म्हणजे इथे शांतता. देव तुझं भलं करो."

आईला खूप सांगायचं राहिलंय. नंतर सांगेन, नीट मिटणाऱ्या तोंडाने.

२ जुलै

झालं. तोंडात लोखंडाची चव. लिहवत नाही.

५ जुलै

चमच्याने पातळ काहीतरी. ओठ उशीएवढा. आई दिवसभर माझ्या बिछान्यापाशी बसते. आता मी बोलत नाही आणि तिला ऐकू येत नाही, घर अगदी बरोबरीत आहे.

ती माझ्यासाठी चहा ओतत होती, तो कपाच्या बाहेर बशीत गेला, बशीतून टेबलावर. ती ओततच राहिली. काळजीने हात कापतो तिचा.

९ जुलै

सकाळी आई खिडकीत उभी होती. म्हणाली, "आज एवढं अंधारून का आलंय?"

लख्ख ऊन होतं. मला वाटलं थट्टा करतेय. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ऊन आहे." तिच्यासमोर धरली.

तिने पाटीकडे बघितलं. "हं," म्हणाली. आणि भिंतीला हात लावत आत गेली.

कदाचित तिला म्हणायचं होतं, घरात अंधारून आलंय. तसं असेल तर खरंच आहे. पण तेरा दिवस राहिले फक्त.

१२ जुलै

सूज उतरतेय. आरशात ओठ खाली आल्यासारखा वाटतो. कुणाला सांगू नये, पण आज जरा आशा वाटली. आई नीट जेवत नाही, ताटात चाचपडत राहते. तिलाही ताण आला असणार. दहा दिवस.

१८ जुलै

धाकटी आली, न कळवता. मी बोलत नाही आणि आई फोनवर बोलत नाही, म्हणून काळजीने आली.

दारात आईने तिला विचारलं, "कोण?"

धाकटी हसली. मग थांबली. आईच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, तिने दोन बोटं धरली. "किती?" आईने ते वाचलं नाही. धाकटीने पर्स खाली टाकली, आईला तशीच दारातून बाहेर नेली आणि मला म्हणाली, "चल. तुला बोलायचं नाहीये ना, मग गप्प राहून चल."

उरलेलं उद्या लिहीन.

१९ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर आईच्या डोळ्यातल्या पडद्याचा फोटो होता. केशरी वर्तुळ आणि मधोमध डाग.

डावा डोळा दीडेक वर्षापूर्वी गेला असावा, ते म्हणाले. उजव्याच्या मध्यभागाला गेल्या उन्हाळ्यात सुरुवात झाली असेल. "हा आजार मधूनच खातो. कडेचं दिसतं, समोरचं जातं. अक्षरं जातात, चेहरे जातात. सरळ रेघा वाकड्या दिसतात. चौकटी, फरशा. त्या काही म्हणाल्या नाहीत का? मान तिरकी करून बघत असतील. कडेने बघायला माणूस आपोआप शिकतो."

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी फोटोकडे.

"मधल्या काळात इंजेक्शनं देऊन पुष्कळ टिकवता आलं असतं. आणि हा नवा रक्तस्राव आठ-दहा दिवसांपूर्वीचा आहे. एक दिवस एकदम अंधारून आल्यासारखं वाटलं असणार त्यांना. तेव्हा लगेच आला असतात तर थोडं तरी..." त्यांनी हात उलटा केला. "आता तिथे वण आहे. त्याला काही करता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "त्यांना कोण सांगणार?"

धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं, सवयीने. मग तिचं तिलाच कळलं आणि ती रडायला लागली.

आईला सांगावं लागलं नाही. आमचे हात चाचपून तीच म्हणाली, "काय ते कळलं मला. दिसत नाही एवढं मला दिसतं."

डॉक्टरला हसावं की नाही ते कळेना.

२० जुलै

आई आपणहून बोलली. मी तिच्या पायाशी बसले होते, डोकं तिच्या गुडघ्यावर.

"तुझे शब्द तोंडात राहतात, असं मी म्हटलं ना, तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. तुझं तोंड धूसर दिसायचं. म्हटलं, हीच ओठ नीट हलवत नाही. मग तू कापून आलीस. पट्टी काढली, मला वाकडा दिसला. पुढे बघते तर चौकट पण वाकडी. सुताराच्या नळीतलं पाणी पण वाकडं. तेव्हा कळलं, वाकडं काय आहे ते."

मी मान वर केली नाही.

"मग कुठल्या तोंडाने सांगू तुला? तू ओठ कापलास माझ्यापायी, आणि दोष माझ्या डोळ्यात? म्हटलं, तिला वाटू दे ओठामुळे. ओठ बरा होईल असं तरी वाटेल तिला. डोळा बरा होणार नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या मावशीचा असाच गेला."

तिला मी म्हणायला हवं होतं, की फक्त तुझ्यापायी नाही. आरशासाठीही कापला. शून्य मिलिमीटरसाठी. ते तिला कळलं असतं तर तिचं ओझं निम्मं झालं असतं.

पण बोलायचं नव्हतं. आणि बोलले असते तरी ते कुठे पोचलं असतं.

२२ जुलै

धाकटी परत गेली. जाण्यापूर्वी आईच्या तळहातावर बोटाने अक्षरं लिहून बघितली. आईला गुदगुल्या होतात. एका शब्दाला पाच मिनिटं. "बरं" एवढं आलं. त्यावर आई म्हणाली, "बरं लिहायला एवढा वेळ, मग वाईट लिहायला किती?"

२३ जुलै

टाके काढले. बहुतेक आपोआप विरले होते, दोन राहिले होते ते.

सव्वाचार. अगदी दीड मिलिमीटर मिळालं. डॉक्टरीणबाई खुश झाल्या, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ते दिसलं. "आजपासून हळूहळू बोला. पण आणखी सहा आठवडे ओठाला कुणाचा हात लागता कामा नये. ताणायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. आत अजून कच्चं आहे. उसवलं तर पुन्हा शिवायला मला तिथे काही उरलेलं नाही."

त्यांच्याकडच्या आरशात मी ओठ मिटले. टेकले. जोर न लावता, हनुवटीला खड्डे न पडता. मी तिथे उभी राहून, आवाज न काढता, सगळी ओठ टेकणारी अक्षरं म्हटली. एकूण एक दिसत होतं. कुणालाही वाचता आलं असतं.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, चेहरा उजेडाकडे. पावलांचा हादरा लागला तशी मान वळवली, माझ्या बाजूला कुठेतरी.

मी समोर उभी राहिले, तिचा हात घेतला आणि बोटं माझ्या ओठांवर ठेवली. साबणाचा वास येत होता. मी म्हटलं, "आई, ओठ मिटला."

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा म्हटलं.

"भूक लागलीय?"

मी मान हलवली, तिच्या बोटांना कळेल अशी.

"बाहेर जायचंय? नाही? मग काय, लग्न ठरलं तुझं?"

मला हसू आलं. आवरता आलं नाही. ती पण हसायला लागली, आणि आम्ही दोघी पूर्वी पाहुण्यांसमोर हसायचो तशा, अंग हलवून हसलो. तेव्हा ओठात आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही फारसं. कापडाची शिवण जाते तेवढंच.

थांबायला हवं होतं. हात काढून घ्यायला हवा होता. पण तिने बोटं आणखी दाबली आणि म्हणाली, "बोल. थांबू नको. बोल."

मग मी बोलत राहिले. सगळं सांगितलं. मास्तरांची खिडकी, केसभरही खाली न लावलेले दात, आरशातलं शून्य, ऑक्टोबर. तुझ्यापायी नाही गं, निम्मं माझ्यापायी, असं पाच-सहा वेळा म्हटलं. ती मान हलवत होती. कुठेही हलवत होती, वाक्याच्या मध्येच. परक्या लोकांपुढे ती वर्षानुवर्षं हलवत आली आहे तशी. माझ्यासमोर तिने तशी कधी हलवली नव्हती, मार्चपर्यंत.

थोड्या वेळाने तिची बोटं थांबली. तिने ती एकमेकांवर घासली.

"ओलं लागतंय," ती म्हणाली. "रडतेस का गं?"

मी म्हटलं, नाही.

"नको रडू," ती म्हणाली. उशाशी ठेवते तो पांढरा रुमाल तिने कमरेतून काढला, बोटं पुसली, रुमालाची नीट चौकोनी घडी केली, लाल बाजू वर ठेवून, आणि मांडीवर ठेवला. मग पुन्हा हात पुढे केला, हवेत, माझ्या तोंडाच्या जरा डावीकडे.

मी सरकले आणि तोंड तिच्या हाताखाली नेलं.